चावट प्रेमपट लिहायचाय? आधी लाजेचा हिशोब मांडा

चावट विनोदी प्रेमपट पडला की लोक म्हणतात, "फारच वाह्यात होता." चालला की तेच लोक म्हणतात, "वाह्यात होता, पण मजा आली." म्हणजे वाह्यातपणा दोन्हीकडे सारखाच. तरी चर्चा नेहमी त्याच्याच मापाची होते: किती दाखवायचं, किती बोलायचं, कुठे थांबायचं. सोलापुरात पटकथा वाचायला पोरं जमली की पहिला प्रश्न हाच येतो, "एवढं चालेल का बे?" माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. पडद्यावरच्या कुणाला तरी खरोखर लाज वाटते आहे का, हे आधी विचारायचं.

ज्या गोष्टीत कुणालाच लाज नाही तिथे चावटपणाला धार नाही. जानेवारी २०१६मध्ये हिंदीत एका आठवड्याच्या अंतराने दोन प्रौढ विनोदी चित्रपट आले, 'क्या कूल हैं हम ३' आणि 'मस्तीजादे'. दोन्हींत तुषार कपूर. दोन्ही आपटले. प्रेक्षक सोवळा झाला म्हणून ते आपटले असं मला वाटत नाही, कारण 'क्या कूल हैं हम' ह्याच मालिकेचा २००५मधला पहिला भाग लोकांनी उचलून धरला होता. फरक असा की २०१६पर्यंत पात्रंच इतकी निर्लज्ज झाली होती की त्यांचं काही उघडं पडायचं शिल्लक राहिलं नव्हतं. सगळेच कोडगे असतील तर हसायचं कुणाला?

आता सोलापूरसारख्या गावाचा फायदा बघा. मुंबईच्या लेखकाला लाज निर्माण करायला मेहनत घ्यावी लागते, तिथे शेजारचा ओळखत नाही. इथे सात रस्ता चौकात दोघं एका गाडीवर दिसली की गाडी घरी पोचायच्या आधी बातमी पोचते. हे दिग्दर्शकाला फुकटात मिळालेलं भांडवल आहे.

पहिली पायरी: कोण लाजतंय, कुणापुढे

विनोद लिहायच्या आधी एका कागदावर एवढंच लिहा: कुणाला काय हवंय, ते कुणाच्या नजरेपासून लपवायचंय, आणि उघडं पडलं तर काय जाईल. तिसरं उत्तर "जरा हसं होईल" असं असेल तर गोष्ट बाजूला ठेवा. लग्न मोडेल, नोकरी जाईल, बाप आयुष्यभर बोलणार नाही, असं काहीतरी हवं.

एक गोष्ट घेऊन पुढे जाऊ. सोलापूरच्या पूर्व भागातलं विणकराचं घर. खाली यंत्रमाग, वर दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत. नागेश आणि पद्मा, ठरवून झालेलं लग्न, जेमतेम महिना झालेला. घरात सासू, सासरे, आज्जी, आणि लग्नाला म्हणून आलेली पण अजून परत न गेलेली आत्या. प्लायवूडच्या पलीकडे आत्या झोपते. माग चालू असले की त्यांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू येत नाही. माग बंद झाले की पेला ठेवलेलाही ऐकू येतो. म्हणजे नवरा-बायकोचं सगळं सुख रात्रपाळीवर अवलंबून.

आणि सासऱ्यांनी ठरवलंय, माग विकायचे. धंद्यात राम उरला नाही, भंगारवाल्याशी बोलणंही झालंय.

ज्या पोराने जन्मात मागाला हात लावला नाही तो नागेश आता पिढीजात धंदा वाचवायला उभा राहतो. बापाचा ऊर भरून येतो. ह्याचं खरं कारण बापाला कळता कामा नये, एवढ्यावर दोन तास निघतात. हवंय काय, लपवायचं कुणापासून, उघडं पडलं तर काय जाईल, तिन्ही उत्तरं एकाच घरात आहेत. बापाचा पोरावर बसलेला विश्वास हाच पणाला लागलेला ऐवज.

इथे एक इशारा. माग म्हटलं की धोट्यावरचा, म्हणजे मागात सूत घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या तुकड्यावरचा, विनोद पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी करणारच. करू द्या, सगळे हसू द्या, आणि मग कागदावरून तो काढून टाका. जो विनोद खोलीतल्या प्रत्येकाला एकदम सुचतो तो प्रेक्षकालाही तुमच्या आधी सुचलेला असतो.

दुसरी पायरी: चावटपणा काढून गोष्ट वाचा

पटकथेची एक प्रत घ्या, तिच्यातले सगळे चावट प्रसंग लाल शाईने खोडा आणि उरलेलं वाचा. प्रेमकथा उभी राहते का? नसेल राहत तर तुमच्याकडे चुटक्यांची माळ आहे, चित्रपट नाही. चुटक्यांवर लोक अर्धा तास हसतात, मग मोबाइल काढतात.

वरच्या गोष्टीत खोडाखोड केल्यावर काय उरतं? एकमेकांना न ओळखणारी दोन माणसं. आणि इथे मागाच्या आवाजाचा खरा उपयोग होतो. खडखडाटात त्यांना एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही. जवळ येतात तेव्हा बोलता येत नाही, बोलायची वेळ येते तेव्हा जवळ येता येत नाही. मध्यंतरानंतर मागाला सुट्टी असलेल्या एका रात्री, आत्या जागी आहे हे माहीत असताना, ती दोघं कुजबुजत पहिल्यांदा नीट बोलतात. ती सांगते की तिला बीएड करायचं होतं. तो सांगतो की तो लग्नाला घाबरला होता. ह्या प्रसंगात एकही चावट वाक्य नाही, आणि तो नसेल तर आधीच्या सगळ्या चावटपणाचं प्रेमात रूपांतर होणार नाही.

तिसरी पायरी: बाईच्या वाट्याला विनोद

ह्या प्रकारचे बहुतेक चित्रपट इथे मरतात. पुरुषाला हवं असतं, बाई नकार देते किंवा लाजते, आणि विनोद तिच्या अंगावरून घरंगळतो. अशाने थिएटरमधला अर्धा प्रेक्षक पहिल्या वीस मिनिटांत गमावतो. शिवाय कथेतही खोट येते. इच्छा एकाचीच असेल तर ती मागणी होते, प्रेम होत नाही.

आपल्याकडे हे नव्याने शिकायची गरज नाही. पेशवाईच्या उत्तरकाळातले शाहीर राम जोशी मूळचे सोलापूरचेच. कीर्तनही करायचे आणि शृंगारिक लावण्याही रचायचे, संस्कृत जाणणारा माणूस. लावणीतली बाई काय हवंय ते तोंडाने बोलते, रुसते, मागणी घालते, समोरच्याला खडसावते. आपल्याच जिल्ह्यातलं अकलूज लावणीच्या स्पर्धेसाठी ओळखलं जातं. लावणीच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन बसा आणि नाचणारीच्या पायांऐवजी तिच्या चेहऱ्याकडे बघा: शब्द अजून ओठांवर यायचाय, तोवर डोळ्यांनी समोरच्याची विकेट काढलेली असते.

दादा कोंडके यांच्या चित्रपटांबद्दलही लोक फक्त द्व्यर्थी संवाद आठवतात. १९७१च्या 'सोंगाड्या'पासून पुढे उषा चव्हाण यांनी रंगवलेल्या बायका किती जोरकस होत्या हे विसरतात. नायक भोळा, ढगळ चड्डीतला, नायिका ठसक्याची. दोघांत शहाणी कोण, हे प्रेक्षकाला पहिल्या भेटीतच कळायचं.

म्हणून तपासणी सोपी ठेवा. पटकथेतल्या दहा सर्वांत मोठ्या हशांच्या जागा काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा, हे वाक्य किंवा ही खोडी कुणाची. नायिकेच्या नावावर तीन-चार तरी नसतील तर परत लिहायला बसा.

चौथी पायरी: द्व्यर्थी संवाद कसा बांधायचा

इथे थोडं थांबू, कारण हे कसब अवघड आहे आणि लोक ते सर्वांत सोपं समजतात.

दादांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले, गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यांच्या संवादांमागे तमाशाची तालीम होती. गण, गवळण, बतावणी, वग ह्या क्रमात सोंगाड्याला बतावणीत समोरच्याच्या वाक्यावर तिथल्या तिथे उलटं वाक्य टाकावं लागतं. त्यातून जो नियम निघतो तो असा: साधा अर्थ पूर्ण, खणखणीत आणि प्रसंगाला धरून असला पाहिजे. चावट अर्थ काढून टाकला तरी संवाद चाललाच पाहिजे. सेन्सॉरवाल्यांनी बोट ठेवलं तर "ह्यात वाईट काय आहे?" असं निरागसपणे विचारता आलं पाहिजे. नवशिक्या लेखकाचं वाक्य फक्त चावट अर्थासाठी जन्मलेलं असतं. साध्या अर्थाने ते कुणी माणूस बोलणारच नाही, म्हणून ते ओशट वाटतं.

आपल्याच गोष्टीतला एक तुकडा. दुपारची जेवणं. सासरे खुशीत आहेत.

सासरे : "हल्ली रात्रपाळीत मन रमतंय तुझं."
नागेश : "सवय झाली, बाबा."
सासरे : "दमत नाहीस ना?"
नागेश : "दमलो तरी चालतंय."
आत्या : "सुनेलाही शिकव की थोडं."
पद्मा (भाकरी थापत, मान वर न करता) : "मला येतंय, आत्या. हेच मागं पडतात."

ह्यात प्रत्येक वाक्य धंद्याबद्दल आहे. सासरे खरंच निरागस आहेत, आत्याचं मात्र सांगता येत नाही. शेवटचं वाक्य पद्माला दिलंय आणि तिने मान वर केलेली नाही. तिने मान वर करून प्रेक्षकाकडे बघितलं, किंवा पार्श्वसंगीतात कुणी 'टुंग' वाजवलं, की खेळ संपला. अर्थ लागायचं काम प्रेक्षकाचं आहे, त्याच्या हातून ते काढून घेऊ नका.

आणि एका प्रसंगात असा तुकडा एकदाच. सलग चार झाले की प्रेक्षक गोष्ट ऐकायचं सोडून प्रत्येक शब्दात दुसरा अर्थ हुडकत बसतो.

पाचवी पायरी: मोठा प्रसंग

अशा चित्रपटाची तोंडी प्रसिद्धी एका प्रसंगावर होते. "तो अमुक सीन बघितला का?" असं विचारत लोक एकमेकांना पाठवतात. तो प्रसंग कसा रचायचा ह्याचा नमुना म्हणजे १९९८चा अमेरिकी चित्रपट 'देअर्स समथिंग अबाउट मेरी'. मुलीला न्यायला आलेला नायक तिच्याच घराच्या न्हाणीघरात पँटच्या झिपमध्ये नको तिथे अडकतो. अडकणं हा विनोदाचा दहावा हिस्सा. खरी गंमत पुढे आहे: आधी मुलीचा बाप आत येतो, मग आई, मग खिडकीतून पोलीस, मग अग्निशमन दलाचा माणूस. शरीराचं दुखणं तेवढंच राहतं, बघणारे वाढत जातात. अमेरिकेत तो चित्रपट लगेच पहिल्या क्रमांकावर गेला नाही. कित्येक आठवड्यांनी गेला, लोकांनी लोकांना सांगून.

तेव्हा प्रसंग लिहिताना हात शरीराकडे न नेता दाराकडे न्या. आता कोण येईल? त्याहून वाईट कोण येईल? आलेला माणूस रागावण्याऐवजी मदत करायला लागला तर? मदत करणारा नेहमी जास्त विनोदी असतो.

आपल्या गोष्टीतला मोठा प्रसंग वीज जाण्याचा. रात्रपाळी चालू, खाली माग धडधडताहेत, वर दिवा मालवलेला. कॅमेरा वर नकोच, खाली आज्जीजवळ ठेवा. ती वाती वळत बसली आहे. अचानक वीज जाते, माग एकदम थांबतात. आणि वरून अर्धा सेकंद जास्तीचा एक आवाज येतो, जो थांबायला हवा होता पण थांबला नाही. शांतता. आत्याच्या खोलीतलं खोकणं. मग आज्जी अंधारात म्हणते, "लाइट गेली वाटतं." पुढच्या सकाळी नाश्त्याला सगळे कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडे बघताहेत आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

काहीच दाखवलेलं नाही. हा भित्रेपणा नव्हे. न दाखवल्यामुळे नजर आज्जीच्या चेहऱ्यावर राहते आणि हशा तिथे आहे.

याच वाटेचा हिंदी दाखला २०१७च्या 'शुभ मंगल सावधान'चा. लग्नाच्या तोंडावर नायकाची नको तिथे पंचाईत झालेली. ती अडचण बोलून दाखवायला त्याला शब्द सापडत नाहीत, म्हणून तो चहात बिस्किट बुडवून दाखवतो. घरात लहान-थोर बसलेले असताना बघता येईल असा प्रसंग, आणि विषय तसा कुणाच्याही घरात न बोलला जाणारा. पुढे ती अडचण दोन्हीकडच्या नातेवाइकांपर्यंत पोचते आणि विनोद पुन्हा बघणाऱ्यांच्या संख्येवर चालतो.

नट, सेट आणि थोडं कायद्याचं

विनोदी चित्रपट आहे हे नटांना विसरायला लावा. प्रत्येकाने आपल्या अडचणीचं गांभीर्य खेळायचं. 'द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन'मध्ये (२००५) स्टीव्ह कॅरेल यांच्या छातीवरचे केस मेणाने खरोखर उपटले होते. तिथली वेदना खरी आहे म्हणून लोक हसून लोळतात. तुमच्या नटाला इजा करा असं मी म्हणत नाही. पण तालमीत "इथे हशा येईल" असं एकदाही बोलू नका.

जवळिकीचे प्रसंग चित्रीकरणाच्या दिवशी सुचले म्हणून घ्यायचे नाहीत. कुठे हात, कुठे कापड, कॅमेरा कुठून, हे आधी लेखी ठरवा, दोन्ही नटांची सही घ्या, सेटवर गरजेपुरतीच माणसं ठेवा. मोठ्या निर्मितीसंस्था आता ह्यासाठी वेगळा समन्वयक नेमतात. छोट्या चित्रपटात तेवढे पैसे नसतील, तर निदान सेटवरच्या एखाद्या अनुभवी बाईकडे "थांबा" म्हणायचा पूर्ण अधिकार द्या. घाबरलेल्या नटीचा चेहरा पडद्यावर कळतो आणि विनोद तिथेच विझतो.

सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचा विचार पटकथेच्या पहिल्या खर्ड्यातच करा. २०२३च्या कायदा-दुरुस्तीनंतर यूए वर्गात वयाप्रमाणे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले आहेत. यूए हा पालकांना दिलेला इशारा आहे, 'ए' म्हणजे अठराखालच्याला प्रवेशच नाही. 'ए' घेतलं तर टीव्हीवर दाखवण्याआधी कापून नव्याने प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मराठी निर्मात्याच्या हिशोबात टीव्हीचे पैसे लहान रक्कम नव्हे. दुसरीकडे, 'ए'च्या गोष्टीला ओढूनताणून यूए करायला गेलं की शब्दाशब्दावर आवाज बंद होतो आणि प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. मधलं काही नको. आपली मागाची गोष्ट मी यूए १६+ धरून लिहीन, कारण आत्या आणि आज्जीच्या वयाच्या बायका थिएटरात आल्या तरच तिला रंग चढणार आहे.

वाचन

शूटिंगच्या आधी पटकथा मोठ्याने वाचा, आणि मित्रांपुढे नको. मित्र लेखकाला हसतात. एक वाचन फक्त बायकांमध्ये करा, लेखक पुरुष असेल तर त्याने बाहेर बसावं. एक वाचन पन्नाशीपुढच्यांत. एक मिश्र. सोलापुरात मिश्र म्हणजे खरंच मिश्र: घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात दखनी हिंदी बोलणारी माणसं एकाच खोलीत बसवा. जो विनोद फक्त पुस्तकी मराठीवर उभा आहे तो तिथे आपोआप गळतो.

हशा कुठे आला ह्याच्यापेक्षा कुठे लोकांनी एकमेकांकडे बघितलं ते टिपून ठेवा. चावट विनोदाला माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो, हसायची परवानगी घेतो आणि मग हसतो. तेवढा क्षण संकलनात राखून ठेवावा लागतो. पुढचं वाक्य त्या हशाखाली गाडलं जाणार असेल तर तिथे पाणी पिणं, दार लावणं असं काहीतरी बिनमहत्त्वाचं ठेवा. आणि एखाद्याच्या जाडेपणावर, चालण्यावर किंवा तो बायकी आहे ह्यावर बेतलेला विनोद मिश्र खोलीत कसा पडतो तेही बघा. माझा अनुभव असा की आवाज येतो, पण तो हशाचा नसतो.

शेवटच्या अर्ध्या तासाचं दुखणं

दीड तास धमाल केल्यावर लेखकाला अचानक संस्कार आठवतात. नायक भाषण देतो, नायिका रडते, कुणीतरी इस्पितळात जातं. प्रेक्षकाला हे ढोंग लगेच कळतं, कारण आतापर्यंत त्यानेच हसून साथ दिलेली असते आणि आता त्यालाच बोल लावल्यासारखं होतं. भावनेला जागा द्या, पण तीही त्याच चावट अडचणीतून निघू दे. नागेशचं बिंग फुटतं तेव्हा बाप ओरडत नाही. तो बराच वेळ मागाकडे बघतो आणि म्हणतो, "आमच्या वेळी हातमाग होता. त्याला आवाजच नव्हता." एका वाक्यात बापाचं अख्खं तरुणपण, हशाही, आणि पोराची सुटकाही. आज्जीला त्यावर ठसका लागतो, एवढं पुरे.

राहिली जाहिरात. 'एनीवन बट यू' हा प्रेमपट २०२३च्या डिसेंबरात अमेरिकेत अगदी बेताच्या पहिल्या आठवड्याने सुरू झाला आणि लोकांच्या तोंडी शिफारशीवर जगभरात वीस कोटी डॉलरच्या वर गेला, खर्च अडीच कोटींच्या आसपास असताना. अशी वाढ व्हायला प्रेक्षकाला आत जाऊन काहीतरी नवं सापडावं लागतं. म्हणून ट्रेलरमध्ये वीज जाण्याचा प्रसंग अजिबात टाकू नका. पोस्टरवर बाईच्या कंबरेऐवजी आज्जीचा चेहरा छापा, निर्माता कितीही भांडला तरी. पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवारी संध्याकाळचे खेळ हातातून जाऊ देऊ नका आणि त्यातला एक तरी बायकांच्या भिशी गटांना सवलतीत द्या. त्या गटांच्या व्हॉट्सॲपवर दुसऱ्या दिवशी काय फिरतंय त्यावर दुसरा आठवडा ठरेल.